कूटचलन वॉलेटचे फिशिंग संकेतस्थळांपासून संरक्षण

कूटचलन वॉलेटचे फिशिंग संकेतस्थळांपासून संरक्षण या संज्ञेत बिटकॉइन, ईथर यांसारख्या कूटचलनांच्या, म्हणजेच क्रिप्टोकरन्सीच्या, धारकाकडून त्याची गुप्त किल्ली, पुनर्प्राप्ती-शब्द, पासवर्ड किंवा व्यवहारावरील स्वाक्षरी फसवून मिळवणारी संकेतस्थळे ओळखण्याच्या व टाळण्याच्या पद्धतींचा समावेश होतो. अशा फसवणुकीत वॉलेटमागील गणित सहसा मोडले जात नाही. मालकाला खऱ्याचा भास करून देऊन त्याच्याच हातून कुलूप उघडून घेतले जाते.

बँक खात्यातील फसवणुकीपेक्षा या फसवणुकीचे परिणाम वेगळे असतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाच्या कारणाने झालेला अनधिकृत इलेक्ट्रॉनिक बँक व्यवहार ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास त्याच्यावर तोट्याचे दायित्व राहत नाही. ब्लॉकचेनवर नोंदलेला व्यवहार मात्र रद्द करणारी कोणतीही मध्यवर्ती संस्था नसते, आणि योग्य किल्लीने केलेली स्वाक्षरी जाळ्याच्या दृष्टीने वैधच ठरते. त्यामुळे या विषयात संरक्षणाचा खरा क्षण स्वाक्षरीपूर्वीचा असतो.

वॉलेट आणि गुप्त किल्ली

‘वॉलेट’ हा शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे. पाकिटात नोटा असतात तशी वॉलेटमध्ये नाणी नसतात. कोणत्या पत्त्यावर किती चलन आहे याची नोंद ब्लॉकचेनवर असते आणि वॉलेटमध्ये केवळ त्या पत्त्यावरील चलन हलवण्याचा अधिकार देणारी गुप्त किल्ली असते. फोन हरवला तरी चलन हरवत नाही. मात्र किल्लीची प्रत दुसऱ्याच्या हाती गेल्यास फोन खिशात असतानाही ते जाऊ शकते.

वॉलेट ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात किल्ली विनिमय केंद्राकडे, म्हणजे एक्सचेंजकडे असते व ग्राहक पासवर्ड आणि एकवेळच्या संकेतांकाने खात्यात प्रवेश करतो. दुसऱ्या प्रकारात किल्ली धारकाच्याच ताब्यात असते. पहिल्या प्रकारात फिशिंग करणाऱ्यास लॉगिनची माहिती हवी असते, दुसऱ्यात पुनर्प्राप्ती-शब्द किंवा स्वाक्षरी.

पुनर्प्राप्ती-शब्द हे किल्लीचेच माणसाला वाचता येणारे रूप होय. २०१३ मध्ये मांडल्या गेलेल्या बीआयपी-३९ या मानकानुसार २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून बहुधा १२ किंवा २४ शब्द विशिष्ट क्रमाने दिले जातात. मानकासोबत इंग्रजी, जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच आदी भाषांतील याद्या प्रसिद्ध झाल्या आहेत. मराठी वा हिंदीची यादी त्यांत नाही. मराठी धारकालाही त्यामुळे बहुधा इंग्रजी शब्दच जपावे लागतात. ते कागदावर उतरवताना चुकतील या भीतीने अनेकजण त्यांचे छायाचित्र काढतात. ही सवय धोक्याची आहे. फोनमधील छायाचित्रांतून असे शब्द शोधून पाठवणाऱ्या ‘स्पार्ककॅट’ या घातक सॉफ्टवेअरची माहिती कॅस्परस्की या कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केली. तो कागद झेरॉक्सच्या दुकानात किंवा सार्वजनिक संगणकावरून छापून घेणे हीसुद्धा प्रत दुसऱ्याच्या यंत्रात ठेवण्याचीच क्रिया आहे.

किल्ली ज्याच्या हाती, चलन त्याच्या हाती, हे तत्त्व पुण्यातील एका प्रकरणात फिशिंगशिवायही दिसून आले. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेच्या २०१८ मधील पोलीस तपासाला तांत्रिक साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांना मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तपासादरम्यान आरोपींच्या वॉलेटमधील कूटचलन स्वतःकडे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला.

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याची दिशा

बहुतेक बनावट संकेतस्थळे दिसण्यात मूळ संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल असतात. रंग, बोधचिन्ह व मजकूर यांची प्रत काही मिनिटांत करता येते. ज्याची नक्कल करता येत नाही असा भाग एकच, तो म्हणजे नोंदणीकृत डोमेन नाव. एका नावाची मालकी एका वेळी एकाकडेच असू शकते. म्हणून फसवणूक करणाऱ्याला मूळ नावासारखे भासणारे वेगळे नाव घ्यावे लागते.

डोमेन नावात निर्णायक भाग शेवटी असतो. टपालाच्या पत्त्याशी याचे साम्य आहे. ‘शिळफाटा’ या नावाची दोन परिचित ठिकाणे मुंबईच्या परिसरात आहेत. एक जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर खोपोलीत, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात. दुसरे कल्याणकडून येणारा रस्ता मुंब्रा–पनवेल रस्त्याला मिळतो तेथे, ठाणे जिल्ह्यात. ‘शिळफाटा’ एवढ्याच शब्दावरून पत्र कोठे जावे हे ठरत नाही. पुढचा तालुका आणि जिल्हा वाचावा लागतो. डोमेन नावातही ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’च्या लगेच आधीचा शब्द हा जणू जिल्हा असतो, आणि त्याच्या डावीकडे टिंब देऊन लिहिलेले सर्व शब्द त्या मालकाने आपल्या मर्जीने ठेवलेली गल्ल्यांची नावे असतात. त्यामुळे नामांकित कंपनीचे नाव पत्त्याच्या सुरुवातीला दिसणे याला स्वतंत्र अर्थ नाही.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील कॉइनबेस या विनिमय केंद्राच्या ग्राहकांच्या फसवणुकीत आढळते. कंपनीच्या व्यावसायिक सेवेचा खरा पत्ता ‘प्रो डॉट कॉइनबेस डॉट कॉम’ असा होता. ठकांनी ‘कॉइनबेसप्रो डॉट कॉम’ हे नाव घेतले. अक्षरे तीच, फरक फक्त एका टिंबाचा व शब्दांच्या क्रमाचा. ग्राहकांनी तेथे पासवर्ड व एकवेळचा संकेतांक भरला की ते खऱ्या संकेतस्थळावर वापरले जात; काहींना बनावट ग्राहकसेवेला दूरध्वनी करण्यास भाग पाडून त्यांच्या संगणकाचा दूरस्थ ताबाही घेतला गेला. या प्रकरणी एका भारतीय नागरिकाला डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटा विमानतळावर अटक झाली. दोन कोटी डॉलरांहून अधिक रकमेच्या चोरीबद्दल त्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.

दुसरी युक्ती समरूप अक्षरांची आहे. डोमेन नावे रोमनखेरीज अन्य लिप्यांतही नोंदवता येतात आणि सिरिलिक लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांपासून डोळ्यांना वेगळी ओळखू येत नाहीत. मार्च २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या, बायनान्स या विनिमय केंद्राच्या ग्राहकांसाठी लावलेल्या सापळ्यात नावातील दोन अक्षरांखाली बारीक टिंबे होती, जी पडद्यावरील धुळीसारखी वाटत. संगणक अशी नावे ‘एक्स-एन’ या अक्षरांनी व त्यापुढील दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात साठवतो, आणि संशयास्पद मिश्रण आढळल्यास आधुनिक ब्राउझर तेच रूप पत्त्याच्या पट्टीत दाखवतात. देवनागरीतील ‘डॉट भारत’ ही डोमेन नावे ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहेत. लहान आकारात ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद किती सूक्ष्म होतो हे पाहता, देवनागरी पत्ता केवळ आपल्या लिपीत आहे म्हणून सुरक्षित ठरत नाही.

पत्त्याशेजारील कुलपाच्या चिन्हाविषयीचा गैरसमज जुना आहे. संकेतस्थळ व वाचक यांच्यामधील दळणवळण सांकेतिक स्वरूपात होते, एवढेच ते चिन्ह सांगते. पलीकडे कोण आहे याची हमी ते देत नाही. सुरक्षा प्रमाणपत्रे विनामूल्य मिळू लागल्यापासून फिशिंग संकेतस्थळांवरही ते सर्रास दिसते. गूगलने क्रोम ब्राउझरमधून २०२३ मध्ये हे चिन्ह काढून टाकले, त्यामागे हेही एक कारण होते.

बनावट संकेतस्थळापर्यंत नेणारे मार्ग

वाचक अशा संकेतस्थळावर क्वचितच आपण होऊन पोहोचतो. त्याला तेथे आणले जाते. शोधयंत्रावरील जाहिराती हा त्यांतील सर्वांत परिणामकारक मार्ग ठरला आहे. सिस्को कंपनीच्या टॅलोस या विभागाने युक्रेनच्या सायबर पोलिसांसह तपासलेले ‘कॉइनहोर्डर’ प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘ब्लॉकचेन’ या शब्दाच्या रोमन वर्णलेखनात किंचित बदल केलेली नावे घेऊन या टोळीने गूगलवर जाहिराती दिल्या होत्या. खरे संकेतस्थळ शोधणाऱ्याला पहिल्या क्रमांकावर बनावट संकेतस्थळ दिसे. सुमारे तीन वर्षांत पाच कोटी डॉलरांची चोरी झाल्याचा टॅलोसचा अंदाज होता. इंग्रजी ही पहिली भाषा नसलेल्या प्रदेशांना या टोळीने लक्ष्य केल्याचे निरीक्षणही त्यात नोंदवले होते. रोमन वर्णलेखनातील चूक डोळ्यांना चटकन खटकत नाही अशा वाचकांत मराठी वाचकही मोडतो.

ईमेल हा दुसरा मार्ग आहे. लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये चोरीला गेली. सुमारे दहा लाख ईमेल पत्ते आणि दोन लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, घरचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक त्या डिसेंबरमध्ये उघड झाले. वॉलेटमधील किल्ल्या सुरक्षित होत्या, परंतु कूटचलन कोणाकडे आहे याची यादीच ठकांना मिळाली. पुढे काही ग्राहकांना टपालाने छेडछाड केलेली बनावट यंत्रेही पाठवण्यात आली. एप्रिल २०२२ मध्ये ट्रेझर या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांना ‘माहितीची चोरी झाली आहे, नवे सॉफ्टवेअर उतरवून घ्या’ अशा आशयाचे ईमेल आले. त्यातील दुव्यात कंपनीच्या नावातील एका अक्षराखाली टिंब होते आणि उतरवलेले सॉफ्टवेअर पुनर्प्राप्ती-शब्द मागत असे. सुरक्षेच्या सूचनेचेच सोंग घेणारा हा प्रकार सावध माणसालाही फसवतो, कारण तो सावधपणालाच आवाहन करतो.

याखेरीज मोफत नाणेवाटपाची आमिषे, समाजमाध्यमांवरील चोरलेली खाती आणि टेलिग्रामवरील बनावट ग्राहकसेवा हे मार्ग वापरले जातात. मंचावर किंवा गटात मदत मागणाऱ्याला खासगी संदेश पाठवून ‘वॉलेट पडताळणी’च्या पानावर नेणे ही नेहमीची रीत आहे. कोणत्याही खऱ्या सेवेला पडताळणीसाठी पुनर्प्राप्ती-शब्दांची गरज नसते.

स्वाक्षरीची फसवणूक

पुनर्प्राप्ती-शब्द कोणालाही सांगू नयेत ही गोष्ट धारकांना ठाऊक झाल्यानंतर ठकांनी शब्द न मागता स्वाक्षरी मागण्यास सुरुवात केली. इथेरियम व तत्सम ब्लॉकचेनवर टोकन हाताळण्यासाठी धारक एखाद्या करारप्रणालीला, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला, आपल्या खात्यातून ठरावीक रकमेपर्यंत टोकन काढण्याची परवानगी देऊ शकतो. ही सोय खऱ्या व्यवहारांसाठी आवश्यक आहे. अनेक सेवा सोयीसाठी अमर्याद रकमेची परवानगी मागतात आणि वापरकर्ते ती देण्यास सरावतात. बनावट संकेतस्थळ नेमका हाच सराव वापरते. पानावरील बटणावर ‘नाणी मिळवा’ असे लिहिलेले असते, प्रत्यक्ष स्वाक्षरी मात्र ठकाच्या पत्त्याला परवानगी देणारी असते.

यातील अधिक फसवा प्रकार ‘परमिट’ या नावाने ओळखला जातो. यात परवानगी ब्लॉकचेनवरील व्यवहाराने न देता केवळ एका स्वाक्षरी केलेल्या संदेशाने देता येते. धारकाला शुल्क पडत नाही, त्या क्षणी ब्लॉकचेनवर काही नोंदही होत नाही. शुल्क नाही म्हणजे व्यवहार नाही, अशी समजूत करून धारक स्वाक्षरी करतो. ठक तो संदेश नंतर सवडीने वापरतो. कोऱ्या धनादेशावर सही करून तो अनोळखी माणसाकडे ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ओपनसी या बाजारपेठेच्या काही वापरकर्त्यांकडून अशाच अर्धवट भरलेल्या करारांवर स्वाक्षऱ्या मिळवून सुमारे १७ लाख डॉलर किमतीच्या डिजिटल वस्तू काढून घेण्यात आल्या.

पुढे या धंद्याचे श्रमविभाजन झाले. वॉलेट रिकामे करणारी तयार सॉफ्टवेअर संचरचना एक टोळी बनवते, दुसऱ्या टोळ्या ती वापरून संकेतस्थळे उभारतात आणि लुटीतील ठरावीक हिस्सा पहिल्या टोळीला जातो. अशा संचांना ‘ड्रेनर’ म्हणतात. इन्फर्नो ड्रेनर व पिंक ड्रेनर ही त्यांतील कुप्रसिद्ध नावे. स्कॅम स्निफर या संस्थेच्या अहवालानुसार २०२४ या वर्षात ड्रेनरमुळे सुमारे ४९ कोटी ४० लाख डॉलरांचे नुकसान झाले आणि तीन लाख ३२ हजार पत्त्यांना त्याची झळ बसली.

खऱ्या संकेतस्थळावरील फसवणूक

पत्ता अचूक असला तरी पान विश्वासार्ह असतेच असे नाही. २४ एप्रिल २०१८ रोजी इंटरनेटवरील मार्गनिर्देशनात फेरफार करून मायईथरवॉलेट या संकेतस्थळाकडे जाणारे वापरकर्ते सुमारे दोन तास बनावट सर्व्हरकडे वळवण्यात आले. पत्त्याच्या पट्टीत नाव बरोबर होते. तरीही ब्राउझर सुरक्षा प्रमाणपत्र अवैध असल्याचा इशारा देत होता, आणि तो डावलून पुढे गेलेल्यांचेच चलन गेले. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजर डीएओच्या खऱ्या संकेतस्थळात घुसवलेल्या आज्ञावलीने वापरकर्त्यांकडून जादा परवानग्या मिळवल्या व सुमारे १२ कोटी डॉलर नेले. तेथे इशाराही नव्हता. १४ डिसेंबर २०२३ रोजी लेजरच्या एका माजी कर्मचाऱ्यालाच फिशिंगने गाठून कंपनीच्या सामायिक आज्ञावलीत बदल केला गेला, आणि ती वापरणारी अनेक असंबद्ध संकेतस्थळे एकाच वेळी धोकादायक बनली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मुंबईस्थित वझीरएक्स या विनिमय केंद्राचे आहे. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरांचे, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांचे, कूटचलन चोरीला गेले. हे वॉलेट एका किल्लीवर चालणारे नव्हते. सहा स्वाक्षरीकर्त्यांपैकी पाच वझीरएक्सचे व एक लिमिनल या अभिरक्षा सेवेचा होता. व्यवहारासाठी वझीरएक्सच्या तिघांची आणि त्यानंतर लिमिनलची मंजुरी लागत असे. वझीरएक्सचे स्वाक्षरीकर्ते हार्डवेअर वॉलेट वापरत होते आणि चलन ठरावीक पत्त्यांवरच पाठवण्याची मर्यादाही घातलेली होती. पाठ्यपुस्तकात सांगितलेली बहुतेक खबरदारी येथे घेतलेली दिसते.

तरीही चोरी झाली. लिमिनलच्या पानावर दिसणारी माहिती आणि प्रत्यक्ष स्वाक्षरी झालेला मजकूर यांत तफावत होती, असे वझीरएक्सने जाहीर केले. पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत असताना स्वाक्षऱ्या वॉलेटचे नियंत्रणच हल्लेखोराकडे देणाऱ्या आज्ञेवर झाल्या. आपली यंत्रणा फोडली गेली नसल्याचे सांगून लिमिनलने वझीरएक्सच्या संगणकांकडे बोट दाखवले. दोष कोणाचाही असो, हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या पडद्यावर सामान्यतः अशा करारांचा अर्थ न दिसता आकड्यांची व अक्षरांची लांब माळ दिसते, आणि ती न वाचता मंजुरी देण्याचा प्रघात या क्षेत्रात रूढ होता. या प्रघाताला ‘अंध स्वाक्षरी’ म्हणतात. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी १४ जानेवारी २०२५ च्या संयुक्त निवेदनात या चोरीची जबाबदारी उत्तर कोरियावर ठेवली. ग्राहकांचे पैसे काढण्याचे व्यवहार थांबवण्यात आले. सिंगापूरच्या उच्च न्यायालयातील पुनर्रचना योजनेनंतर केंद्राचे कामकाज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. या काळात स्वतः कोणत्याही बनावट दुव्यावर न गेलेल्या सामान्य ग्राहकाचीही पुंजी अडकून राहिली.

२१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या विनिमय केंद्रातून सुमारे दीड अब्ज डॉलरांचे चलन गेले, तेव्हा हाच प्रकार अधिक स्पष्टपणे सिद्ध झाला. सेफ या वॉलेटसेवेच्या एका विकसकाच्या संगणकात शिरून हल्लेखोरांनी सेवेच्या खऱ्या संकेतस्थळातील आज्ञावली बदलली होती. ती आज्ञावली बायबिटचे स्वाक्षरीकर्ते आल्यावरच जागी होत असे. इतरांना पान नेहमीसारखेच दिसे.

संरक्षणाच्या पद्धती

वरील प्रकरणांतून संरक्षणाचे दोन स्तर दिसतात. चुकीच्या पानावर न जाणे हा पहिला, आणि पान कोणतेही असो, त्याच्या शब्दावर विसंबून स्वाक्षरी न करणे हा दुसरा. प्रचारात पहिल्यावर जितका भर दिला जातो तितका दुसऱ्यावर दिला जात नाही.

पहिल्या स्तरासाठी नेहमीच्या सेवांचे पत्ते एकदा खात्रीने मिळवून ब्राउझरमध्ये खूण करून ठेवणे आणि पुढे त्याच खुणेवरून जाणे ही साधी रीत सर्वांत उपयोगी ठरते. शोधयंत्राच्या जाहिराती व ईमेलमधील दुवे यांची गरजच त्यामुळे उरत नाही. पासवर्ड व्यवस्थापक हे आणखी एक अप्रत्यक्ष साधन आहे. माणसाचा डोळा अक्षराखालील टिंब चुकवतो, पण व्यवस्थापक नोंदवलेल्या डोमेनशी तंतोतंत जुळल्याशिवाय पासवर्ड भरत नाही. तो भरला गेला नाही तर तेथे थांबणे इष्ट असते. विनिमय केंद्राच्या खात्यासाठी लघुसंदेशाने येणारा किंवा ॲपमधील सहा आकडी संकेतांक पुरेसा नाही, कारण बनावट पान तो त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरू शकते. पासकी व हार्डवेअर सुरक्षा किल्ली डोमेनशी बांधलेल्या असतात, त्यामुळे त्या बनावट डोमेनवर चालत नाहीत.

पुनर्प्राप्ती-शब्दांबाबत नियम निरपवाद आहे. ते कोणत्याही संकेतस्थळावर टंकित केले जात नाहीत. हार्डवेअर वॉलेटच्या बाबतीत ते यंत्रावरच भरायचे असतात. कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर लिहून, शक्यतो दोन ठिकाणी, इंटरनेटपासून दूर ठेवणे ही प्रचलित पद्धत आहे. घरातील विश्वासू व्यक्तीला ते कोठे आहेत हे माहीत नसेल तर धारकाच्या मृत्यूनंतर ती पुंजी कोणाच्याच हाती येत नाही. गुप्ततेची ही दुसरी बाजू अनेकदा दुर्लक्षित राहते.

दुसऱ्या स्तरासाठी हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर रक्कम, टोकन आणि घेणाऱ्याचा पत्ता संगणकाशी ताडून पाहावा लागतो. यंत्र अर्थ दाखवू शकत नसेल, तर मोठ्या रकमेचा व्यवहार तेथे न करणे हेच श्रेयस्कर. काही वॉलेट स्वाक्षरीपूर्वी व्यवहाराची तालीम करून खात्यातून काय जाईल व काय येईल हे दाखवतात. ही सोय उपयुक्त आहे, परंतु अभेद्य नाही. पत्ता ताडताना पहिली व शेवटची काही अक्षरे पाहून थांबणेही पुरत नाही. मे २०२४ मध्ये एका धारकाने पूर्वीच्या व्यवहारांच्या यादीतून तशाच दिसणाऱ्या, ठकाने मुद्दाम पेरलेल्या पत्त्याची नक्कल केली आणि सुमारे सहा कोटी ८० लाख डॉलरांचे चलन तिकडे गेले. त्यातील बहुतांश रक्कम पुढे परत मिळाली, हा मात्र अपवाद होय.

बचतीचे आणि रोजच्या वापराचे वॉलेट वेगळे ठेवल्यास चूक झाली तरी नुकसान मर्यादित राहते. घरातील सोने तिजोरीत आणि बाजारात नेण्याचे पैसे खिशात, असा हा विभाग आहे. तिजोरीचे वॉलेट कोणत्याही संकेतस्थळाला जोडले जात नाही. दिलेल्या परवानग्या वेळोवेळी तपासून नको असलेल्या रद्द करण्याची सोय इथरस्कॅनसारख्या संकेतस्थळांवर उपलब्ध आहे. मात्र या सेवांचीही बनावट रूपे आढळतात, म्हणून त्यांच्याकडेही खुणेवरूनच जावे लागते.

फसवणुकीनंतरची कार्यवाही आणि कायदेशीर स्थिती

पहिल्या काही मिनिटांत काय करायचे हे नेमके काय उघड झाले यावर अवलंबून असते. केवळ परवानगी दिली गेली असेल तर ती रद्द केल्याने उरलेले टोकन वाचते. पुनर्प्राप्ती-शब्द उघड झाले असतील तर परवानगी रद्द करून उपयोग नाही. नव्या शब्दांचे नवे वॉलेट तयार करून शिल्लक चलन तिकडे हलवावे लागते. अशा वेळी जुन्या पत्त्यावर शुल्कापुरते चलन टाकल्यास ठकांची स्वयंचलित प्रणाली तेही क्षणार्धात काढून घेते, असा अनुभव आहे. विनिमय केंद्राचे खाते असल्यास केंद्राला तत्काळ कळवून खाते गोठवणे आवश्यक ठरते.

भारतात १९३० हा राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळ उपलब्ध आहे. तक्रारीत व्यवहाराचा क्रमांक, आपला व ठकाचा पत्ता, बनावट संकेतस्थळाचे पूर्ण नाव आणि पडद्याची छायाचित्रे द्यावी लागतात. ब्लॉकचेनवरील नोंद पुसली जात नाही, पण बनावट पान काही तासांत नाहीसे होऊ शकते. तक्रार नोंदवताना जिल्हा व पोलीस ठाणे निवडावे लागते. खोपोलीतील शिळफाट्याचा रहिवासी अलिबाग येथे मुख्यालय असलेल्या रायगड पोलिसांच्या हद्दीत येतो, तर ठाण्याजवळील शिळफाट्याचा रहिवासी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. चोरलेले चलन एखाद्या विनिमय केंद्रात आले तर तेथे ते गोठवणे शक्य असते. टेदरसारख्या काही टोकनच्या निर्मात्यांनाही विशिष्ट पत्ता गोठवता येतो. बिटकॉइन किंवा ईथरबाबत असा अधिकार कोणाकडेच नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी अन्वये दुसऱ्याचा पासवर्ड वा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी कपटाने वापरणे आणि ६६-डी अन्वये संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हे तीन वर्षांपर्यंत कारावासाचे व एक लाख रुपयांपर्यंत दंडाचे गुन्हे आहेत. फसवणुकीबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ ही लागू होते. कूटचलन भारतात वैध चलन नाही, तथापि ते बाळगण्यास बंदी नाही. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने विनिमय केंद्रे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आली, त्यामुळे ग्राहकाची ओळख पटवणे व नोंदी जतन करणे त्यांना बंधनकारक झाले. या नोंदींचा तपासात उपयोग होतो, परंतु चलन भारताबाहेरील केंद्रात किंवा कोणाच्याही नोंदणीत नसलेल्या खासगी वॉलेटमध्ये गेल्यास त्यांची मर्यादा उघड होते.

चोरी झाल्याचे समाजमाध्यमांवर सांगणाऱ्याकडे थोड्याच वेळात ‘चलन परत मिळवून देणारे’ तज्ज्ञ संपर्क साधतात. ते आगाऊ शुल्क मागतात किंवा ‘शोधासाठी’ उरलेल्या वॉलेटचे पुनर्प्राप्ती-शब्द. अमेरिकेच्या एफबीआयने अशा सेवांविषयी इशारे प्रसिद्ध केले आहेत. पहिल्या फसवणुकीत हाती आलेली बळींची यादी या दुसऱ्या फसवणुकीसाठी विकली वा वापरली जाते.